खानदेशांतील दोन बिऱ्हाडें

आमच्या नाशिकच्या घरांत दोघां मुलांचे संसार एकत्र नांदतात. थोरल्याचा मुलगा जळगांवास इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षांत आहे आणि धाकट्याची मुलगी धुळ्यास फार्मसीचा अभ्यास करते. मुलें खानदेशांत आणि घर गोदाकांठीं. तेव्हां मधल्या अंतराची सोय आमच्या मुलांनीं यंत्रांच्या द्वारें केली आहे. नातवाच्या खोलींत कॅमेरा बसविलेला आहे. नातीच्या वसतिगृहाच्या दारावर चेहरा ओळखणारें यंत्र आहे; ती बाहेर पडली अथवा आंत आली कीं तिच्या वडिलांच्या मोबाइलवर वेळेसह निरोप उमटतो. संध्याकाळीं साडेसातच्या सुमारास "आंत आली" असा निरोप आला म्हणजे धाकटी सून निर्धास्त मनानें पोळ्या लाटावयास घेते, हा गेल्या दोन वर्षांचा शिरस्ता झाला होता.

यंदा चैत्र वद्य पक्षांत मी त्या दोघांस भेटून आलों. अक्षय तृतीया, जिला खानदेशांत आखाजी म्हणतात व जिच्यासाठीं तिकडे लेकी माहेरीं येतात, ती तोंडावर आली होती. परंतु परीक्षा असल्यामुळें आमच्या मुलांस घरीं येतां येणार नव्हतें. लाडू-चिवड्याचे डबे पोंचविणें हें निमित्त झालें. खरें पाहतां, ज्या यंत्रांच्या भरंवशावर आमचें घर रात्रीं झोंपतें तीं एकदां प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहावीं, अशी माझी इच्छा होती.

नाशिकरोडहून निघालेली गाडी मनमाड, चाळीसगांव, पाचोरा हीं स्थानकें मागें टाकीत दुपारीं जळगांवास पोंचली. वाटेंत कापसाचीं शेतें मोकळीं पडलेलीं होतीं. पुढें केळींच्या बागांचे हिरवे पट्टे दिसूं लागले. या बागांतून आतां पाटाचें पाणी क्वचितच खेळतें. जमिनीवर पसरलेल्या काळ्या नळ्यांतून प्रत्येक बुंध्याशीं थेंब थेंब पाणी दिलें जातें, आणि या ठिबक पद्धतीचा एक मोठा उद्योग जळगांवचाच आहे. झाडाची तहान मोजून भागविणाऱ्या या मुलुखांत मुलांची काळजीहि मोजून घेणारीं यंत्रें आलीं यांत नवल तें काय, असें गाडींत बसल्या बसल्या मनांत आलें.

जळगांव हें आज विद्यार्थ्यांचें गांव झालें आहे. पूर्वीं खानदेशांतील महाविद्यालयें पुणें विद्यापीठास जोडलेलीं असत. १५ ऑगस्ट १९९० रोजीं येथें स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झालें, आणि २०१८ सालीं त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें. जिला लिहितां वाचतां येत नव्हतें अशा एका असोद्याच्या लेकीचें नांव विद्यापीठाच्या कमानीवर असावें, ही गोष्ट मला फार आवडते. विद्यापीठ आलें, महाविद्यालयें वाढलीं, आणि त्यांच्यामागून भाड्याच्या खोल्या, खानावळी, अभ्यासिका हा सारा संसार आला. माझा नातू अशाच एका नव्या वस्तींतील इमारतींत दुसऱ्या मजल्यावर दोघां मित्रांसह राहतो.

स्थानकाबाहेर पाऊल टाकतांच उन्हाची झळ तोंडावर आली. जळगांव-भुसावळकडे चैत्र-वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जाणें नवें नाहीं. नातू मला रिक्षांतून घेऊन निघाला. खोलीचें कुलूप काढून आम्ही आंत शिरलों तों काय, कूलर धडधडत चाललेला आणि खोली छान गार! "घरांत चिटपाखरूं नाहीं आणि वीज जाळतां?" म्हणून मी त्यास रागें भरलों. तो हंसून म्हणाला, "आजोबा, रिक्षांत बसलों तेव्हां सुरू केला मीं. अजून वीस मिनिटेंहि झालीं नाहींत."

मग त्यानें मला तो सगळा कारभार दाखविला. भिंतींतील प्लगमध्यें एक लहानसा दुसरा प्लग बसविलेला होता. घरांतील वाय-फायच्या द्वारें तो इंटरनेटशीं जोडलेला असतो. मोबाइलवरून हुकूम सोडला कीं कोठूनहि चालू अथवा बंद होतो. किती युनिट वीज गेली तेंहि तो मोजतो. पूर्वीं दुपारच्या उन्हांत खोली तापूं नये म्हणून हीं मुलें दिवसभर कूलर चालू ठेवून जात. आतां परतण्यापूर्वीं थोडा वेळ तो लावला म्हणजे पुरतें. शिवाय कोणाच्या वेळेस किती वीज लागली हें आंकड्यानें कळूं लागल्यामुळें महिनाअखेरचा बिलाचा तंटा मिटला. खानदेशची हवा कोरडी म्हणून कूलरचें पाणी झपाट्यानें उडतें आणि हवा गार होते. पावसाळ्यांत हेंच यंत्र नुसता दमटपणा वाढवितें. त्या लहान प्लगवर पाणी तापविण्याचा रॉड मात्र लावूं नये, हेंहि नातवानें मला बजावलें. दीड हजार वॅटचा तो भार हलक्या प्लगला पेलवत नाहीं, तो वितळतो. घरोघरीं मुलांस हें सांगून ठेवण्यासारखें आहे.

घरमालकाचा दंडक असा कीं, भिंतींत खिळा ठोकावयाचा नाहीं आणि वायरिंगला हात लावावयाचा नाहीं. त्यावरहि मुलांनीं तोड काढली आहे. दिव्याच्या बटणाशेजारीं काड्यापेटीएवढी एक डबी चिकटविलेली होती. मोबाइलवरून आज्ञा होतांच तिच्यांतून लहान बोटासारखा एक दांडा बाहेर येई, बटण दाबी आणि परत आंत जाई. बटण मालकाचें, बोट भाडेकऱ्याचें! हा प्रकार पाहून मला मनापासून हंसूं आलें.

कूलरच्या टांकींत दोन तारांचीं टोंकें सोडलेलीं होतीं. पाण्यांतून विजेचा क्षीण प्रवाह वाहतो. पाणी खालीं गेलें कीं तो तुटतो आणि एक लहानशी शिटी वाजूं लागते. टांकी कोरडी पडून पंप जळूं नये म्हणून ही योजना. ती कोठून विकत आणलेली नव्हती. तिघांपैकीं एकानें कॉलेजच्या कामांतून उरलेल्या सुट्या भागांतून ती जोडली होती. दाराच्या चौकटीवर एक बारीक कळ आणि फळीवर लोहचुंबक होता. दार उघडून चुंबक दूर गेला कीं कळ सुटते आणि तिघांच्याहि मोबाइलवर सूचना जाते. या सर्व युक्त्या पाहून मला समाधान वाटलें. त्या मुलांनीं स्वतःच्या अडचणीसाठीं, स्वतःच्या संमतीनें केलेल्या होत्या, आणि त्या बंद करण्याचा अधिकारहि त्यांच्याच हातीं होता.

मेजावर एक वाटोळा बोलका डबा होता. त्याचें नांव घेऊन विचारलें कीं तो उत्तर देतो. पहांटे पांचला उठवितो, तासांचें वेळापत्रक वाचून दाखवितो. मीं त्यास शुद्ध मराठींत आजची तिथि विचारली, तों त्यानें एक हिंदी सिनेमाचें गाणें लाविलें. मुलांची हंसतां हंसतां पुरेवाट झाली. तिघांपैकीं एक मुलगा कायद्याचा विद्यार्थी आहे. तो म्हणाला, "आजोबा, आपलें नांव केव्हां उच्चारलें जाईल म्हणून हा सारखा कान देऊन असतो, आणि नांव ऐकलें कीं पुढचें बोलणें कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे पाठवितो. म्हणून महत्त्वाचें बोलायचें असलें कीं आम्ही याची पिनच काढून ठेवतों." मला ही खबरदारी पटली.

आतां कॅमेऱ्याची हकीकत. दुपारीं जेवणें आटोपलीं. मालकीणबाईंनीं वांग्याचें भरीत आणि कळण्याची भाकरी पाठविली होती. त्या भरितासाठीं जळगांवचीं वांगीं प्रसिद्ध आहेतच. मुलें अभ्यासास निघून गेलीं. मी सदरा काढून, धोतर गुडघ्यापर्यंत सावरून खाटेवर अंग टाकलें. डोळा लागतो न लागतो तोंच भिंतींतून आवाज आला, "अण्णा, ऊन नाहीं ना लागलें? उशाशीं तांब्या भरून ठेवा हं!" मी दचकून उठलों. कपाटावरच्या त्या पांढऱ्या डोळ्यांतून माझी थोरली सून नाशिकच्या स्वैंपाकघरांत बसून माझ्याकडे पाहत होती. तिच्या मनांत केवळ काळजी होती, याविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं. परंतु मी घाईघाईनें उपरणें ओढून घेतलें, आणि त्या खोलींत असेपर्यंत मग उघड्या अंगानें कांहीं बसलों नाहीं. झोंपहि लागली नाहीं.

हा कॅमेरा लॅपटॉप चोरीस जाऊं नये म्हणून माझ्या मुलानें गेल्या दिवाळीनंतर बसविला. अंधारांतहि त्यास दिसतें. खोलींत कांहीं हललें कीं नाशिकच्या मोबाइलवर चित्र जातें. रात्रीं मीं नातवास विचारलें, "तुला याचा त्रास होतो काय?" तो म्हणाला, "मला लपवायचें असें कांहीं नाहीं, आजोबा. पण हे दोघे हल्लीं खोलींत थांबतच नाहींत." तेव्हां माझ्या ध्यानांत आलें. ते दोघे रात्रीं अकरापर्यंत अभ्यासिकेंत बसत आणि केवळ निजावयास येत. कपडे बदलावयाचे तर कपाटाच्या आडोशाला जात. भाडें तिघे भरीत आणि राहत असे एकटा माझा नातू. तोहि पाठ कॅमेऱ्याकडे करून. त्या दोघांस अथवा त्यांच्या घरच्यांस आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. कायद्याच्या विद्यार्थ्यानें मला नम्रपणें सांगितलें कीं, २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगी जीवन हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला आहे. तो मुलगा माझ्याशीं वाद घालीत नव्हता. परंतु मला ओशाळल्यासारखें झालें. राजास चारचक्षु म्हणतात, कारण तो हेरांच्या डोळ्यांनीं पाहतो. तें राज्यास शोभतें. तीन मुलांच्या खोलीवर चारचक्षु होऊन बसणें आम्हां गृहस्थांस शोभत होतें काय?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं धुळ्यास निघालों. सडकेनें एरंडोल-पारोळ्यावरून सरळ जातां येतें. परंतु मी मुद्दाम सुरतेकडील गाडी धरून अमळनेरास उतरलों. बोरी नदीच्या पात्रांत सखाराम महाराजांच्या वैशाखांतल्या यात्रेची चाहूल लागली होती. मला मात्र तेथें दुसरेंच कांहीं आठवावयाचें होतें. प्रतापशेठांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरांत शिकण्यास आलेले पांडुरंग सदाशिव साने नांवाचे तरुण गृहस्थ १९२४ सालीं येथील हायस्कुलांत शिक्षक झाले, आणि पुढें शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांजकडे आली. साने गुरुजी ते हेच. १९३० सालीं सत्याग्रहासाठीं नोकरी सोडीपर्यंत ते येथेंच होते.

गुरुजींच्या त्या छात्रालयाच्या आठवणी त्यांच्या विद्यार्थ्यांनीं पुष्कळ सांगितल्या आहेत. मुलें शाळेंत गेलीं म्हणजे गुरुजी त्यांच्या अस्ताव्यस्त खोल्या आवरीत, कपडे घडी करून ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशीं बसत. मुलांसाठीं ते "छात्रालय" नांवाचें दैनिक स्वतःच्या हातानें लिहून काढीत. मुलांच्या खोल्यांत तेहि जात असत, हें खरें. त्यांच्या डोळ्यांस कांहीं दिसत नसे असें नाहीं. परंतु जें दिसलें त्याची वर्दी ते कोणास देत नसत. केर दिसला तर केरसुणी घेत, ताप दिसला तर पाण्याच्या घड्या घेत. मुलांस त्यांचें येणें कधीं जाचलें नाहीं, याचें कारण मला यांतच दिसतें.

अमळनेरहून एस्. टी. नें धुळें गांठलें. धुळें हें आंखणीचें शहर. १८१८ नंतर ब्रिग्ज साहेबानें तें खानदेशचें मुख्य ठाणें केलें. त्याच्या सरळ गल्ल्यांस अद्यापि क्रमांकांनींच ओळखतात. याच पांझरेकांठीं विश्वेश्वरय्या १८८४ सालीं नोकरीच्या आरंभीं आले, आणि ओढ्याखालून नळ नेऊन कालव्याचें पाणी पलीकडे पोंचविण्याचें अवघड काम त्यांनीं पार पाडलें. पुढें पुण्याजवळ खडकवासल्यास त्यांनीं पाणी ठराविक पातळीवर चढतांच आपोआप उघडणारे व उतरतांच आपोआप मिटणारे दरवाजे बसविले. माणसावांचून आपलें काम ओळखणाऱ्या यंत्राचें याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाहीं. दरवाजास एकच गोष्ट कळावी लागते, ती म्हणजे पाण्याची पातळी. आणि ती त्यास बिनचूक कळते. आजचीं यंत्रें वाईट असें माझें म्हणणें मुळींच नाहीं, हें सांगण्यासाठींच हा उल्लेख केला.

नातीच्या खासगी वसतिगृहाच्या दारीं मी उभा राहिलों. खांबावर एक काळी कांच होती. मुली तिच्यासमोर क्षणभर चेहरा धरीत, हिरवा दिवा लागे, दार उघडे. डोळ्यांतील अंतर, नाकाची ठेवण, हनुवटीची वळणें अशा खुणांचें आंकड्यांत रूपांतर करून तें यंत्र जुन्या नोंदीशीं ताडून पाहतें. मुलीचा चेहरा ही तिची वैयक्तिक माहिती असल्यामुळें ती घेण्यास व ठेवण्यास कांहीं बंधनें असावींत म्हणून २०२३ सालीं संसदेनें कायदाहि केला आहे. रेक्टरबाईंनीं मला भेटीच्या खोलींत बसविलें. थोड्या वेळानें नात आली. पूर्वींहून वाळलेली वाटली. परंतु परीक्षेच्या दिवसांत मुलें वाळतातच असें मीं मनाचें समाधान केलें.

संध्याकाळीं आम्ही दोघें पांझरेच्या बाजूस फिरावयास गेलों. परततांना वसतिगृहाच्या जिन्यांत डबे गोळा करणारी एक पन्नाशीची बाई भेटली. अहिराणी वळणाच्या बोलींत तिनें मुलीस विचारलें कीं, आतां जेवण नीट जातें ना? नात चपापली आणि मान हालवून झपझप वर गेली. मीं त्या मावशींस विचारलें, "आतां म्हणजे? पूर्वीं काय झालें होतें?" तेव्हां सारा प्रकार बाहेर आला.

माघ महिन्यांत नातीस ताप भरला. तिच्या खोलींतील दुसरी मुलगी लग्नासाठीं गांवीं गेली होती. दोन दिवस नात खोलीबाहेर पडलीच नाहीं. आईचा निरोप आला त्यास तिनें "अभ्यास चालू आहे" एवढेंच लिहून उत्तर दिलें. बाहेर न पडल्यामुळें दारावरच्या यंत्रानें निरोप पाठविला नाहीं. वडिलांच्या मोबाइलवर तिच्या नांवापुढें "आंत" हा शब्द हिरव्या अक्षरांत तसाच उभा होता. आमच्या घरीं त्या दोन दिवशीं तर सर्वांस विशेष बरें वाटलें होतें. पोर बाहेर भटकत नाहीं, खोलींत बसून वाचते आहे, असें धाकटा मुलगा जेवतांना कौतुकानें म्हणाल्याचें मला आठवतें. दुसऱ्या संध्याकाळीं मावशी रिकामे डबे नेण्यास आल्या. सकाळचा डबा दारांत तसाच, आदल्या रात्रींचाहि तसाच. त्या जिना चढून वर गेल्या, दार ठोठावलें, कपाळास हात लावला. मग रेक्टरबाईंस हांक मारून तिला रिक्षांतून डॉक्टरांकडे नेलें. ताप १०३ होता. पुढचे तीन दिवस मावशींनीं घरून पेज करून आणली.

रात्रीं मीं नातीस जवळ बसवून विचारलें, "बाळ, आम्हांला कां कळविलें नाहींस?" ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "कळविलें असतें, आजोबा, तर बाबांनीं खोलींतहि कॅमेरा बसविला असता. दादाच्या खोलींत आहे ना!"

तें उत्तर मनांत घेऊन मी धर्मशाळेंत त्या रात्रीं जागाच होतों. आयुष्यभर मुलांस न्यायाचा पहिला पाठ शिकविला कीं, डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें; परंतु हेतु खरा पाहिजे, नाहीं तर तो हेत्वाभास. "आंत आहे" यावरून "बरी आहे" असें अनुमान आमच्या सगळ्या घरानें केलें होतें, आणि मीहि त्यांत होतों. यंत्र खोटें बोललें नव्हतें. मुलगी आंत होती, हें त्यानें बरोबर सांगितलें. तिच्या प्रकृतीविषयीं त्यास कोणीं विचारलें नव्हतें आणि तें त्यास ठाऊकहि नव्हतें. धूर दिसला तो डबे नेणाऱ्या बाईस, कारण न उघडलेला डबा म्हणजे काय याचा अर्थ तिला कळत होता.

आमच्या वडिलांच्या पिढींत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. त्यांत मिंधेपणा होता, पंक्तिप्रपंच होता, आणि ती चाल गेली हें चांगलेंच झालें. परंतु सात घरच्या सात बायकांस मुलगा आज जेवला कीं नाहीं हें कळे. एखाद्या वारीं तो आला नाहीं तर चौकशीस कोणी तरी जाई.

सकाळीं तुरुंगावरून जातांना आणखी एक गोष्ट आठवली. अमळनेरचे तेच साने गुरुजी पुढें धुळ्याच्या या तुरुंगांत होते. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार विनोबांनीं येथें गीतेवर प्रवचनें केलीं, आणि तीं गुरुजींनीं ऐकतां ऐकतां लिहून घेतलीं. त्यांच्या त्या ऐकण्यामुळें तें बोलणें आज घरोघरीं वाचावयास मिळतें. नातवाचा तो वाटोळा डबाहि सारखा ऐकतच असतो. परंतु एकाचें बोलणें दुसऱ्यानें मन लावून ऐकणें ही गोष्ट निराळी, आणि तिला वेळ द्यावा लागतो. आम्हीं आमच्या मुलीस दोन वर्षांत निरोप पुष्कळ पाठविले; तिचा आवाज किती वेळां ऐकला, हें मला आठवेना.

निघण्यापूर्वीं मीं नातीस विचारलें, "घरीं हें सांगूं काय? तूं नको म्हणशील तर सांगणार नाहीं." ती म्हणाली, "सांगा. पण बाबांना रागावूं नका." मावशींस नमस्कार करून मी चाळीसगांवच्या वाटेनें नाशिकास परतलों.

घरीं रात्रीं सर्व मंडळी बसलीं असतां मीं दोन्हीं बिऱ्हाडांची हकीकत सांगितली. धाकटी सून पदर डोळ्यांस लावून उठून गेली. धाकटा मुलगा बराच वेळ खालीं मान घालून बसला, मग म्हणाला, "अण्णा, मग आम्हीं काळजी घ्यावी तरी कशी? रोज उठून धुळ्यास जातां येत नाहीं." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. थोरल्याचेंहि म्हणणें असें कीं, लॅपटॉप साठ हजारांचा आहे, तो चोरीस गेला तर कोण देणार? तेव्हां आमच्या घरांतून म्हणजे मुलांच्या आजीकडून उत्तर आलें. ती म्हणाली, "चोर दारांतून येईल ना? मग डोळा दाराबाहेर बसवा. मुलांच्या अंथरुणाकडे कशाला?" एवढी साधी गोष्ट आम्हां शिकलेल्यांस सुचली नव्हती.

तिच्याच सूचनेवरून आणखी एक योजना ठरली. धुळ्याच्या दारावरचें यंत्र वसतिगृहाच्या नियमाचें आहे. तें राहील, आणि मुलगी रात्रीं सुखरूप परतली हें त्यावरून कळणें चांगलेंच आहे. परंतु रोज रात्रीं साडेआठ वाजतां घरांतील एकानें दोन्हीं मुलांशीं फोनवर बोलावयाचें, लिहून नव्हे, तोंडानें. आणि त्यासाठीं वार वांटून घ्यावयाचे. सोमवार आजीचा, मंगळवार थोरल्या सुनेचा, याप्रमाणें, गुरुवार माझा. प्रश्न विचारतांना "कोठें आहेस?" हा शेवटीं विचारावयाचा, "काय जेवलास?" हा पहिला. सोळावें वर्ष उलटलें कीं मुलाशीं मित्रासारखें वागावें असें आपले जुने लोक सांगत आले आहेत. तेव्हां मुलांस नको असेल त्या दिवशीं त्यांनीं तसें सांगावें, कोणीं रुसूं नये, हेंहि ठरलें. मावशींचा नंबर, त्यांच्या परवानगीनें, फोनच्या शेजारीं भिंतीवर लिहून ठेवला आहे. त्यांस आखाजीनिमित्त लुगडें धाडलें. त्यांनीं उलट सांजोऱ्या पाठविल्या.

कॅमेरा पुढच्या रविवारीं दाराबाहेर गेला; त्यापूर्वीं थोरल्यानें दोन्हीं मित्रांच्या वडिलांस व घरमालकास स्वतः फोन करून विचारलें. नातू सांगतो कीं, आतां तिघेहि खोलींतच अभ्यासाला बसतात आणि कूलरच्या वाऱ्यासाठीं भांडतात.

ज्या वाचकांचीं मुलें परगांवीं शिकत असतील त्यांस माझें एवढेंच सांगणें आहे. यंत्रें अवश्य घ्यावींत. परंतु मुलाच्या संमतीनें आणि त्याच्या सोबत्यांच्याहि संमतीनें घ्यावींत, आणि त्यांनीं जेवढें सांगितलें तेवढेंच खरें मानावें.

आरंभीं आमचें हें बोलणें मोठें अवघड झालें. दोन मिनिटांत विषय संपत, आणि मग दोन्हींकडे नुसतें "हं, हं" चाले. परंतु दुसऱ्या आठवड्यांत गुरुवारीं मीं नातीस जेवणाविषयीं विचारलें तों ती आपण होऊन म्हणाली, "आजोबा, आज घसा दुखतो आहे, थोडी कणकणहि आहे. गोळी घेतली आहे, आणि मावशींना सांगून ठेवलें आहे."